आधी वेल, मग मांडव: घरच्या बागेत वेलींची कमान उभारताना

बागेत कमान हवी असं मनात आलं की बहुतेकजण आधी कमान आणतात, ती उभी करतात आणि मग तिच्यावर काय चढवायचं याचा विचार सुरू होतो. माझी पहिली कमान अशीच झाली. बांबूची, हलकी, दिसायला देखणी. दोन्ही बाजूंना मी मधुमालती लावली. दोन वर्षं सगळं छान चाललं. तिसऱ्या वर्षी एका वादळी रात्री चारही खांब जमिनीलगत मोडले आणि सगळा भार वाटेवर आडवा झाला. सकाळी पाहिलं तर बांबू वर ठणठणीत होते, पण मातीच्या रेषेवर हातानं दाबलं तरी भुगा होत होता. मधुमालती जिवंत होती. मात्र एकमेकींत गुंतलेल्या त्या फांद्या उचलून दुसऱ्या आधारावर चढवणं शक्य नव्हतं. जमिनीपासून दोन फुटांवर सगळी छाटावी लागली. तीन वर्षांची वाढ एका सकाळी गेली, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मी हाच क्रम सांगत आलो आहे: आधी वेल ठरवा, तिचं वजन आणि तिची चढण्याची पद्धत समजून घ्या, आणि मग तिला झेपेल असा मांडव करा. कमान चार दिवसांत उभी राहते. वेलीला मात्र वर्षं लागतात, आणि एकदा ती चढली की खालचा आधार बदलणं फार कठीण जातं.

नावांचा थोडा गोंधळ असतो, तो आधीच दूर करतो. वाटेवर उभी असलेली, माणूस खालून जाईल अशी दोन किंवा चार खांबांची चौकट म्हणजे कमान. तीच जरा खोल केली, आत बाक ठेवला आणि बाजूंना जाळी लावली की तिचा लतामंडप होतो. पर्गोला त्याहून बराच मोठा असतो. त्यावर आडव्या तुळया असतात आणि खाली टेबलखुर्च्या मावतात. भाज्यांच्या वेलींसाठी डोक्यावर सपाट जाळं धरलेला तो आपला साधा मांडव. हा लेख पहिल्या दोन प्रकारांचा आहे. उभारणीचं तंत्र सगळ्यांना जवळपास सारखंच लागतं, म्हणून मी कमान आणि मांडव हे दोन्ही शब्द मोकळेपणानं वापरणार आहे.

जागा पाहणं

कमान हे दार आहे. दारातून कुठेतरी जायला हवं. हिरवळीच्या मधोमध एकटी उभी केलेली कमान कितीही सुंदर असली तरी अनाथ दिसते, कारण तिच्यातून जाण्याचं काही कारण नसतं. फाटकाजवळ, पायवाट वळते तिथे, फुलबाग संपून भाजीचे वाफे सुरू होतात तिथे ती शोभते. बागेत पायवाट नसेल तर कमानीखाली आठदहा फरश्या मांडून ती एखाद्या झाडापर्यंत किंवा बाकापर्यंत नेली तरी पुरतं.

जागा ठरवताना मी एक सोपी गोष्ट करतो. दोन लांब काठ्या रोवायच्या, वरून दोरी बांधायची आणि ही खोटी कमान आठवडाभर तशीच ठेवायची. रोजच्या जाण्यायेण्यात ती अडते का, खिडकीतून कशी दिसते, हातगाडी किंवा पाण्याचा पाइप घेऊन जाताना त्रास होतो का, हे आपोआप कळतं. माझ्या दुसऱ्या कमानीची जागा या आठवड्यात तीन फूट सरकली.

मग ऊन. फुलांच्या बहुतेक वेलींना दिवसाला सहा तास तरी थेट ऊन लागतं. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी त्या जागी उभं राहून सावली कुठून येते ते पाहा. इथे नवख्यांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट आहे. वेल उजेडाकडे झुकते आणि जास्त ऊन मिळणाऱ्या अंगालाच भरभरून फुलते. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडची बाजू अधिक उन्हाची असते, दक्षिण गोलार्धात याच्या उलट. विषुववृत्ताजवळ हा फरक फारसा जाणवत नाही. त्यामुळे तुम्ही कमान ज्या बाजूनं पाहणार तीच बाजू सावलीची असेल, तर फुलं पलीकडे आणि तुमच्याकडे नुसती पानं असं होऊ शकतं.

खड्डे खणण्याआधी जमिनीखालून पाण्याची नळी, सांडपाण्याचा पाइप किंवा विजेची केबल जात नाही ना, याची खात्री करून घ्या. मोठ्या झाडाच्या बुंध्याजवळ खांब रोवू नका. मुळं तुटतात आणि नवी वेल त्या मुळांशी पाण्यासाठी कायम झगडत राहते.

वेल कशी चढते, हे आधी पाहा

या लेखातला एकच भाग नीट वाचायला वेळ असेल तर तो हा वाचा.

सगळ्या वेली एकाच पद्धतीनं चढत नाहीत. चार्ल्स डार्विननं १८६५ साली वेलींच्या हालचालींवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. वेटोळे घालणाऱ्या, पानांनी धरणाऱ्या, तणाव्यांनी, म्हणजे दोऱ्यासारख्या बारीक हातांनी, पकडणाऱ्या, काट्यांनी अडकणाऱ्या आणि मुळांनी चिकटणाऱ्या, असे गट त्यानं पाडले होते. हॉप या वेलीचा शेंडा उष्ण दिवसांत आधार शोधत सुमारे २ तास ८ मिनिटांत हवेत एक फेरी पूर्ण करतो, हे त्यानं तासन्‌तास बसून मोजलं होतं. दीडशेहून अधिक वर्षं झाली, तरी बागेत कमान निवडताना हेच गट उपयोगी पडतात.

वेटोळे घालणाऱ्या वेली स्वतःचा दांडाच आधाराभोवती गुंडाळतात. गोकर्ण, गारवेल, हनीसकल, विस्टेरिया या सगळ्या त्यातल्या. यांना उभा आधार हवा: खांब, तार, दोरी. आडव्या पट्ट्यांची जाळी त्यांच्या फारशी कामाची नाही. यातल्या प्रत्येकीची वळण्याची दिशा ठरलेली असते. वरून पाहिलं तर चिनी विस्टेरिया घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं वळतो आणि जपानी विस्टेरिया काट्यांच्या दिशेनं. तुम्ही हौसेनं उलट गुंडाळलेला शेंडा सुटून येतो किंवा मोडतो. म्हणून नुसता आधाराला टेकवा, पुढचं वेल पाहून घेते.

तणाव्यांच्या वेलींना बारीक आधार लागतो. द्राक्ष, कृष्णकमळ, दुधी, दोडका, कारलं, काकडी या सगळ्या तणाव्यांनी धरतात. तणावा पेन्सिलीपेक्षा जाड वस्तू क्वचितच नीट पकडतो. चार इंची चौकोनी खांबाशेजारी कारल्याची वेल हताशपणे जमिनीवर पसरलेली मी कितीदा तरी पाहिली आहे. अशा खांबाला तार किंवा जाळी लावली की दोन दिवसांत ती चढायला लागते. तणाव्यानं आधार धरला की त्याची स्प्रिंग होते. नीट पाहिलं तर ती स्प्रिंग अर्ध्यात एका दिशेनं आणि उरलेल्या अर्ध्यात दुसऱ्या दिशेनं वळलेली असते, मध्ये छोटासा सरळ तुकडा. वाऱ्यात वेल हेलकावते, पण तुटत नाही, त्यात या स्प्रिंगचा मोठा वाटा आहे. क्लेमॅटिस पानाच्या देठानं पकडतं, कळलावी पानाच्या टोकानं. त्यांनाही बारीकच आधार हवा.

बोगनवेल आणि वेली गुलाब खरं तर चढतच नाहीत. त्यांच्या लांब फांद्या काट्यांच्या जोरावर इतर झाडांवर रेलतात, एवढंच. कमानीवर त्यांना आपणच बांधायचं असतं, दरवर्षी, न चुकता. वेळ देणं जमणार नसेल तर या दोघांचा नाद सोडा. कारण न बांधलेली बोगनवेल दोन वर्षांत वाट बंद करते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ओरबाडते.

आयव्ही आणि भिंतीवरचा वेली अंजीर मुळांनी चिकटतात. ते भिंतीसाठी ठीक. कमानीच्या लाकडावर ही मुळं ओल धरून ठेवतात, रंग उपटतात, आणि काढली तरी खुणा सोडून जातात. कमानीसाठी मी त्या सुचवत नाही.

पद्धतीनंतर वजन. गोकर्ण, कृष्णकमळ, क्लेमॅटिस, भाज्यांच्या वेली हलक्या. जाई, जुई, वेली गुलाब मध्यम. मधुमालती, बोगनवेल, द्राक्ष जड. विस्टेरियाचा बुंधा काही वर्षांत मनगटाएवढा होतो आणि त्याच्या विळख्यात हलकी चौकट चिरडते. भाजीच्या वेलीत एक अपवाद लक्षात ठेवा: वेल हलकी असली तरी मोठे दुधी किंवा भोपळे लागले की वरचा भार एकदम वाढतो.

वजनापेक्षाही वारा जास्त घात करतो. दाट पानांची कमान म्हणजे शिडासारखी झाली. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. त्यात पावसानं पानं भिजलेली असतील तर भार वेगळाच. कोरी कमान हातानं हलवून पाहून ‘मजबूत आहे’ म्हणण्यात म्हणूनच अर्थ नाही.

आणखी दोन गोष्टी तपासूनच वेल घरी आणा. एक म्हणजे विषारीपणा. कळलावीचे कंद अत्यंत विषारी असतात, त्यात कोल्चिसीन असतं. विस्टेरियाच्या बिया आणि शेंगाही पोटात जाता कामा नयेत. अलामांडाच्या चिकानं त्वचेची आग होऊ शकते. लहान मुलं किंवा पाळीव प्राणी कमानीखाली खेळणार असतील तर यातलं काही लावू नका. दुसरं, ती वेल तुमच्या भागात आक्रमक तण म्हणून नोंदलेली नाही ना, ते पाहा. जपानी हनीसकल आणि अँटिगोनॉन या बागेतल्या लाडक्या वेली मूळच्या प्रदेशाबाहेर अनेक ठिकाणी रानात घुसून तिथल्या झाडांवर पसरल्या आहेत.

पहिल्यांदाच कमान करणाऱ्याला काय सुचवू? बर्फ न पडणाऱ्या हवेत जाई किंवा जुई. मध्यम वजन, छाटणी सोसते, वास आहे आणि काटे नाहीत. थंड हवेत लहान वाढीचं क्लेमॅटिस. कमान आवडेल की नाही याचीच खात्री नसेल तर एक हंगाम गोकर्ण किंवा दोडका लावून पाहा.

माप

दुकानातल्या तयार कमानी बऱ्याचदा अरुंद असतात. रिकाम्या कमानीतून सहज जाता येतं, म्हणून आपण त्या घेतो. पण वेल आतल्या अंगालाही प्रत्येक बाजूनं अर्धा फूट तरी जागा खाते, आणि वरून फुटभर लोंबते. म्हणून आतली रुंदी किमान ४ फूट ठेवा. दोघांनी शेजारी शेजारी चालायचं असेल तर ५ फूट. आतली उंची ७ फुटांच्या खाली नको, साडेसात असेल तर उत्तम. दुधी लोंबणार असेल किंवा घरात कुणी उंच असेल तर ८ करा. खोली, म्हणजे पुढच्या आणि मागच्या खांबांमधलं अंतर, दीड ते दोन फूट चालतं. आत बाक ठेवायचा असेल तर अडीच ते तीन फूट हवी.

लाकूड, लोखंड की बांबू

लाकडावर वेल सगळ्यात सुंदर दिसते, आणि खडबडीतपणामुळे तिला धरायलाही सोपं जातं. सागवान आणि देवदारासारखी टिकाऊ लाकडं उघड्यावर वर्षानुवर्षं राहतात. साधं पाइन घ्यायचं तर दाबाखाली संरक्षक रसायन मुरवलेलं घ्या. जुन्या काळी या रसायनात तांबं आणि क्रोमियमबरोबर आर्सेनिकही असे. कुठून तरी काढलेलं जुनं, हिरवट झाक असलेलं लाकूड हाती आलं तर त्यावर भाजीची वेल चढवू नका आणि ते जाळूही नका. खांब जड वेलीसाठी ४ इंच बाय ४ इंचांचे तरी हवेत. सांध्यांना नुसते खिळे पुरत नाहीत. बोल्ट, नट आणि वॉशर वापरा, आणि ते न गंजणारे घ्या.

लाकूड सगळ्यात आधी कुजतं ते मातीच्या पृष्ठभागाशी. खोल मातीत ओल असते पण हवा कमी, वर हवा असते पण लाकूड सुकतं. मातीच्या रेषेवर मात्र ओल आणि हवा दोन्ही भरपूर, म्हणून बुरशीचं तिथे फावतं. वाळवीही तिथूनच चढते. त्यामुळे लाकडी खांब थेट मातीत पुरण्यापेक्षा काँक्रीटमध्ये बसवलेल्या लोखंडी बुटावर (खांबाचा पाय धरणाऱ्या बैठकीवर), जमिनीपासून इंचदोन इंच वर उचलून बसवणं मला जास्त पटतं. दिसायला थोडं कृत्रिम वाटतं खरं, पण वेल वाढली की बूट झाकला जातो.

जड वेलीसाठी माझी पहिली पसंती जस्त चढवलेल्या चौकोनी लोखंडी पाइपला. जस्ताचा थर लोखंडाच्या आधी स्वतः झिजतो, त्यामुळे ओरखडा पडला तरी गंज लगेच धरत नाही. वेल्डिंग केलं की सांध्यावरचं जस्त जळून जातं. ती जागा घासून तिथे जस्तयुक्त रंग लावायलाच हवा, नाहीतर गंज तिथून सुरू होतो. जस्त जळताना निघणारा धूर छातीत गेला तर थंडीताप येतो, म्हणून हे काम उघड्यावर आणि माहीतगार माणसाकडूनच करून घ्या. नुसता रंग दिलेलं साधं लोखंड स्वस्त पडतं, पण वेलीनं झाकल्यावर ते पुन्हा रंगवणार कसं? उन्हात तापलेलं लोखंड कोवळ्या शेंड्याला भाजतं अशी भीतीही काहीजण घालतात. एकदा पानांची सावली पडली की तो प्रश्न उरत नाही. सुरुवातीला हवं तर पाइपभोवती काथ्याची दोरी गुंडाळा, धरायलाही बरी पडते.

बांबू मला आजही आवडतो, पण त्याची मर्यादा ओळखून. प्रक्रिया न केलेला बांबू मातीत एक ते तीन वर्षं टिकतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडची प्रक्रिया किड्यांपासून वाचवते, मात्र ते क्षार पाण्यात विरघळणारे असल्यानं पावसात आणि ओल्या मातीत हळूहळू धुऊन जातात. म्हणून बांबू एका हंगामाच्या वेलींना वापरा. दोडका संपला, मांडव उतरवला, पुढच्या वर्षी नवा. प्लॅस्टिकचे पाइप हलक्या वेलींना चालतात, पण सततच्या उन्हानं ठिसूळ होतात.

उभारणी

दोन माणसं आणि दोन सुट्ट्या पुरतात. साहित्य फार नाही: पहार, फावडं, ओळंबा किंवा स्पिरिट लेव्हल, टेप, खुंट्या, दोरी, आणि खांब पकडून ठेवायला चार तिरप्या काठ्या.

१. खांबांच्या चार जागी खुंट्या ठोका. कोपरा काटकोनात आहे का हे पाहायला एका बाजूवर ३ फूट आणि दुसऱ्या बाजूवर ४ फूट मोजून खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट भरलं पाहिजे. छोट्या कमानीत ही मापं बसत नाहीत. तिथे ती निम्मी करा: दीड, दोन आणि अडीच फूट. शेवटी दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले की चौकट बरोबर.

२. खड्डे घ्या. जमिनीवर साडेसात फूट खांब हवा असेल तर आत अडीच फूट, म्हणजे एकूण खांब १० फुटांचा. कोणत्याही कमानीला दोन फुटांपेक्षा कमी खोली देऊ नका. माती भुसभुशीत किंवा रेताड असेल तर आणखी खोल जा. हिवाळ्यात जमीन गोठते अशा ठिकाणी खड्डा गोठण्याच्या पातळीखाली गेलाच पाहिजे, नाहीतर फुगणारी माती खांब वर ढकलते. रुंदी फुटभर.

३. तळाशी चार ते सहा इंच खडी टाकून ठोकून घ्या. पाणी खाली मुरायला तिची मदत होते.

४. खांब उभा करा, दोन बाजूंनी ओळंब्यात आणा आणि तिरप्या काठ्यांनी पक्का धरा. चारही खांब असे उभे राहिल्यावर वरची आडवी दांडी तात्पुरती बसवून पाहा. काँक्रीट ओतल्यानंतर खांब अर्धा इंच बाहेर आहे हे लक्षात येण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

५. काँक्रीट भरा. वरचं तोंड जमिनीपेक्षा इंचभर उंच ठेवून खांबापासून बाहेरच्या बाजूला उतार द्या, म्हणजे खांबाशी पाणी साचत नाही. तीनचार दिवस हात लावू नका आणि काँक्रीट ओलं ठेवा.

६. मग वरच्या दांड्या, बाजूच्या रिपा किंवा जाळी. वेल तणाव्यांची असेल तर तारा सहा ते आठ इंचांवर ताणा. तार खांबाला चिकटून नको, इंचभर अंतरावर हवी. त्या फटीतून तणावा फिरतो आणि वाराही खेळतो.

तयार, हलकी लोखंडी कमान आणली असेल आणि तिचे पाय पोकळ असतील तर एवढा खटाटोप नको. चार जागी चार फुटांच्या सळया दोन फूट आत ठोका आणि कमानीचे पाय त्यांच्यावर सरकवा. सोबत येणाऱ्या बोटभर खुंट्यांवर मात्र विसंबू नका.

लाकडाला तेल किंवा रंग वेल लावण्याआधीच, दोन हात. नंतर संधी मिळत नाही.

लागवड

रोप खांबाला खेटून लावायचं नाही. खांबापासून एक ते दीड फूट लांब, बाहेरच्या बाजूला खड्डा घ्या. काँक्रीटच्या लगतची माती कोरडी आणि चुनखडीची होते, आणि मुळांना पसरायला जागाही उरत नाही. खड्डा कुंडीच्या दुप्पट रुंद, माती चांगल्या कुजलेल्या खतात मिसळलेली. रोप थोडं खांबाकडे झुकवून लावा, एक काठी रोपापासून खांबापर्यंत तिरपी टेकवा, आणि शेंडा तिला सैल बांधा. ही काठी म्हणजे वेलीचा जिना. आळं करून पाणी द्या आणि बुंध्यापासून चार बोटं सोडून सुक्या पानांचं आच्छादन घाला.

दोन्ही बाजूंना एकच वेल लावावी की वेगवेगळ्या? नवख्यांनी एकच लावावी असं मला वाटतं. वेगवेगळ्या वेगानं वाढणाऱ्या दोन वेलींत जोरकस वेल दुसरीला झाकून टाकते. जड वेलीचं तर चार खांबांना मिळून एकच रोप पुरेसं होतं.

पहिली दोन वर्षं

पहिल्या वर्षी बारमाही वेल वर फारशी दिसत नाही, ती खाली मुळं पसरत असते. या काळात खत वाढवून तिला घाई करू नका. नत्र जास्त झालं तर पानं फोफावतात आणि फुलं मागे पडतात. कमान उघडी बघवत नसेल तर त्या वर्षापुरती गोकर्णाची एकदोन रोपं सोबत लावा, हंगाम संपला की काढून टाका.

या दिवसांत सगळ्यात महत्त्वाचं काम शेंड्यांना वळण देण्याचं. रोप फुटभर झालं की शेंडा खुडा, दोनतीन फुटवे येतील. त्यांतले जोमदार फुटवे निवडून खांबावर पसरवा. सगळे सरळ वर जाऊ दिले तर काय होतं? झाडाचं बळ शेंड्याकडे धावतं, फुलं थेट छपरावर लागतात आणि खाली उघडे सोट उरतात. फांदी आडवी किंवा तिरपी केली की शेंड्याचा हा जोर कमी होतो आणि तिच्यावरचे डोळे जागोजागी फुटतात. वेली गुलाबात हा फरक इतका स्पष्ट दिसतो की एकदा पाहिल्यावर तुम्ही कधीच फांदी सरळ बांधणार नाही. खांबावर आडवं नेता येत नाही, म्हणून फांदी खांबाभोवती तिरपी, नागमोडी फिरवत न्या.

बांधायला मऊ सुतळी किंवा जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या. दोरी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी घ्यायची: एक फेरा खांबाला, मध्ये पीळ, एक फेरा फांदीला, त्यात बोट सहज जाईल इतका सैल. उघडी तार कधीच नको, फांदी जाड होताना ती सालीत रुतते. वर्षातून दोनदा सगळ्या गाठी तपासा आणि घट्ट झालेल्या सोडून पुन्हा बांधा. फांद्या जाळीच्या आतबाहेर विणू नका, बाहेरच्या अंगालाच ठेवा. विणलेली वेल जाडजूड होऊन पट्ट्या उचकटते, आणि छाटताना तिला सोडवता येत नाही.

छाटणी आणि देखभाल

छाटणी कधी, हे फुलं कुठल्या फांदीवर येतात त्यावर ठरतं. मागच्या वर्षीच्या जुन्या फांद्यांवर फुलणाऱ्या वेली बहर ओसरल्याबरोबर छाटा. उशीर केलात तर पुढच्या वर्षीच्या कळ्याच कापल्या जातात. नव्या फुटीवर फुलणाऱ्या वेली, उदाहरणार्थ जाई, नवी वाढ सुरू होण्याच्या थोडं आधी छाटा, आणि जोरात छाटा. बोगनवेल प्रत्येक बहरानंतर थोडी थोडी. द्राक्ष पूर्ण विश्रांतीत असतानाच; उशीर झाला तर कापलेल्या टोकांतून रस गळत राहतो. विस्टेरियाला वर्षातून दोन छाटण्या द्याव्याच लागतात.

कोणतीही वेल असो, वर आत साचलेल्या वाळक्या काड्या दरवर्षी काढा. त्या उपयोगाच्या नसतात, पण वजन धरतात, वारा अडवतात आणि ओल साठवतात. काढण्याआधी पक्ष्याचं घरटं आहे का ते पाहा. असेल तर पिल्लं उडून जाईपर्यंत काम थांबवा.

आत बाक ठेवणार असाल तर बैठक जमिनीपासून साधारण दीड फूट उंच आणि तितकीच खोल ठेवा. मागची जाळी पाठीपासून अर्धा फूट लांब हवी, नाहीतर वेल खांद्यावर येते. बाकाजवळ रात्री वास सुटणारी वेल लावली तर तिचा उपयोग होतो. मधुमालतीची फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात, पुढच्या दिवसांत गुलाबी आणि मग लाल होतात, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. दिवसा फुलांवर मधमाश्या येणारच. घरात कुणाला माशीच्या डंखाची ॲलर्जी असेल तर बाक कमानीपासून दूर ठेवा.

वर्षातून एकदा, जोराच्या पावसाच्या किंवा वाऱ्याच्या दिवसांआधी, प्रत्येक खांबाचा पाया तपासा. माती चार इंच उकरा आणि मातीच्या रेषेवर पेचकसाचं टोक टोचून पाहा. घट्ट लागलं तर ठीक. टोक पाव इंचाहून जास्त सहज आत गेलं तर खांब कुजायला लागला आहे, मग वर तो कितीही चांगला दिसो.

असा खांब सापडला तरी वेल छाटावी लागत नाही. खांबाला दोन बाजूंनी तिरपे टेकू द्या. त्याच्या शेजारी, वाटेच्या विरुद्ध अंगाला, अडीच फूट खोल खड्डा घ्या आणि त्यात जस्त चढवलेल्या जाड लोखंडी अँगलचा पाच फुटी तुकडा काँक्रीटमध्ये उभा करा. चार दिवसांनी तो अँगल जुन्या खांबाच्या चांगल्या भागाला तीन बोल्टांनी आरपार कसा. मग खालचा कुजका तुकडा करवतीनं कापून काढा आणि खांबाचं कापलेलं टोक जमिनीपासून दोन इंच वर राहू द्या. एका वेळी एकच खांब घ्या, दुसरा पुढच्या आठवड्यात. माझ्या सध्याच्या कमानीचे दोन खांब असे बदललेले आहेत, आणि तिच्यावरच्या जाईची एकही जाड फांदी त्यात कापावी लागली नाही.